जोर किती, आणि थांबायचे कुठे? : विजेच्या छोट्या पेचकसाची चिकित्सा



समीक्षा म्हटली की पुस्तकाची, नाटकाची, फार तर एखाद्या विचाराची, असा आपला समज झालेला आहे. आज आम्ही एका वस्तूची समीक्षा करणार आहोत. वस्तू लहान आहे, भाजीच्या पिशवीत सहज मावेल एवढी. बॅटरीवर चालणारा छोटा पेचकस. कोणी त्याला स्क्रू-ड्रायव्हर म्हणतं, मुंबईकडचे कारागीर डिसमिस म्हणतात. आपल्या जुन्या शहरात ‘पेचकस’ अजून चालतो आणि आम्हांला तोच शब्द जास्त आवडतो. कारण ‘पेच’ या एका शब्दात तीन अर्थ आहेत : फिरवून बसवायचा स्क्रू, कुस्तीतला डाव, आणि माणसापुढे पडणारी अडचण. आज या तिन्हींशी आपली गाठ पडणार आहे.

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने पेचकसावर का बोलावं, असं काहींच्या मनात येईल. पण साधन म्हणजे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे आणि फार जुना आहे. पाणिनीने करण-कारक सांगताना, क्रिया सिद्ध होण्यात ज्याचा वाटा सर्वांत अधिक ते करण, अशी कसोटी लावली. नैयायिकांनी कुऱ्हाडीचे उदाहरण घेतले. झाड तोडण्याचे करण कुऱ्हाड. पण कुऱ्हाड नुसती कोपऱ्यात पडून राहिली तर पानही तुटत नाही. कुऱ्हाड आणि लाकूड यांच्यामध्ये काहीतरी घडावे लागते. त्या घडण्याला ते ‘व्यापार’ म्हणतात. पुढे १९२७ साली हायडेगरने आपल्या ‘सत् आणि काल’ या ग्रंथात हातोडी घेतली. कुऱ्हाड झाली, हातोडी झाली. त्या पंगतीत पेचकसाने बसायला कोणाची हरकत नसावी.

दुसरे कारण साधे आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण हौसेने काही ना काही जोडत असतात. कोणी नातवाला आणलेला मेकॅनोसारखा संच, कोणी रेल्वेचे छोटे मॉडेल, कोणी गणपतीचे मखर, कोणी खोक्यातून सुटे भाग येणारे पुस्तकांचे कपाट. आणि आपल्या अकोल्यात तर मार्च उजाडला की घरोघरी कूलर उघडतो : जाळ्या काढा, जुने गवत टाका, नवे भरा, पंप बसवा, जाळ्या परत लावा. हे सगळे काम स्क्रूचे. यातला मोठा वर्ग आमच्यासारखा आहे, नोकरीतून मोकळा झालेला, वेळ असलेला, आणि मनगट पूर्वीसारखे न राहिलेला.

या मनगटाचा हिशेब आधी करू, म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळेल. तीन मिलिमीटर जाडीचा जो साधा नट-बोल्टचा स्क्रू असतो, ज्याला एम-३ म्हणतात, त्याच्या दोन आट्यांमधले अंतर अर्धा मिलिमीटर. म्हणजे तो दहा मिलिमीटर आत जायला वीस फेरे घ्यावे लागतात. हाताच्या पेचकसाने एका पिळात फार तर अर्धा फेरा होतो, बऱ्याचदा त्याहून कमीच. म्हणजे एका स्क्रूला चाळीस पिळे. असे पन्नास स्क्रू असले की दोन हजार पिळे झाले. विशीतल्या मुलाला त्याचे काही वाटत नाही. पण संधिवाताने बोटे आखडलेल्या माणसाला, माउलीला, हा आकडा म्हणजे काम बंद करण्याचे कारण ठरतो. माणूस म्हणतो, ‘‘आता जाऊ द्या, होत नाही.’’ कपाट जोडणारा येतो, पैसे घेतो, जोडून जातो. कपाट उभे राहते, पण घरातला एक करणारा माणूस बसून जातो. एवढीशी वस्तू निवडण्याला महत्त्व का द्यायचे, ते इथे आहे.

आता दुकानात चला. ‘‘छोटा, बॅटरीचा पेचकस दाखवा,’’ म्हटलं की आपल्याकडचा दुकानदार काय म्हणतो? ‘‘काकाजी, हा घेऊन जा ना, लय पावर हाये याच्यात!’’ त्याचा दोष नाही. खोक्यावर तेच लिहिलेले असते. आमची पहिली टीका या ‘लय पावर’वर आहे.

खोक्यावर एक आकडा असतो, न्यूटन-मीटरचा. हे पिळाच्या जोराचे माप. समजायला सोपे आहे. दहा सेंटीमीटर लांबीची पट्टी एका टोकाला खिळवा आणि दुसऱ्या टोकाला एक किलो साखरेची पिशवी टांगा. खिळवलेल्या टोकाशी जो पीळ पडतो तो जवळपास एक न्यूटन-मीटर. आता कामाला किती लागतो ते पाहा. पोलादी एम-२ स्क्रूला तिसरा हिस्सा न्यूटन-मीटर म्हणजे पुष्कळ झाला. एम-३ ला एकाच्या थोडा वर. एम-४ ला तीनच्या आसपास. हे सगळे धातूत धातू बसतो तेव्हाचे. तोच एम-३ प्लॅस्टिकच्या बुडख्यात बसवायचा असेल तर त्याच्या अर्ध्यालाही हात लावू नका. आणि खोक्यावर काय लिहिलेले असते? चार, पाच, कुठे दहा. म्हणजे नातवाच्या खेळण्याचा स्क्रू घट्ट करायला लागतो त्याच्या दहापट जोर आपल्या हातात येतो, आणि आपल्याला वाटते, चांगली खरेदी झाली.

जास्त जोर वाईट कसा? असू द्या की, वापरू नये म्हणजे झालं, असं कोणी म्हणेल. युक्तिवाद वरवर बरोबर आहे. पण मोटारीला ‘पुरे’ कळत नाही. स्क्रूचे डोके टेकले, आता घट्ट झाला, हे आपल्या हाताला क्षणात समजते, कारण पेचकसाच्या मुठीतून ते तळव्यापर्यंत येते. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९५८ सालच्या आपल्या ग्रंथात नेमके हेच सांगितले आहे. खिळा ठोकताना आपले लक्ष खिळ्याच्या डोक्यावर असते, तळव्यातली जाणीव दुय्यम असते. पण त्या दुय्यम जाणिवेशिवाय खिळा सरळ जात नाही. मोटार मध्ये आली की ही वाट बुजते. डोके टेकल्यानंतरचा अर्धा फेरा मोटार पापणी लवायच्या आत पुरा करते. लाकूड असेल तर ते चेपते, थोडे सहन करते. प्लॅस्टिक सहन करत नाही. आटे गेले की गेले. मग तो स्क्रू नुसता फिरत राहतो, धरत नाही. ‘आटे ढिले झाले’ हे आपण माणसाला गमतीने म्हणतो. वस्तूच्या बाबतीत ती गंमत नसते, तो भाग पुन्हा मिळत नाही.

म्हणून आमचे पहिले सूत्र असे : पेचकस निवडताना त्याचा जास्तीत जास्त जोर पाहण्याआधी कमीत कमी जोर पाहावा. तो किती नेटाने पिळतो याची चौकशी सगळेच करतात. तो कुठे थांबतो, हे विचारणारा ग्राहक विरळा. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. वऱ्हाडातल्या माणसाला कुस्तीचा डाव समजावून सांगण्याची गरज नाही. नुसत्या ताकदीचा गडी पहिल्या दोन मिनिटांत दिसतो, डाव जाणणारा शेवटी दिसतो. कुठे सोडायचे हे ज्याला कळते त्याच्या हातात पेच असतो.

हे थांबणे यंत्रात कोण करतो? क्लच. पेचकसाच्या तोंडाशी, आकडे लिहिलेले एक फिरते कडे असते ना, ते. आत एक स्प्रिंग असते, ती छर्ऱ्यांना गिअरच्या कड्यावर दाबून धरते. पीळ ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की छर्रे घसरतात, कटकट आवाज येतो आणि टोक फिरायचे थांबते. कडे फिरवून आपण स्प्रिंगचा दाब कमीजास्त करतो. काही नव्या पेचकसांत हेच काम विजेचा प्रवाह मोजून केले जाते. दोन्ही चालते. चालत नाही ते एकच : क्लचच नसणे. आणि छोट्या पेचकसांत क्लच नसलेले बरेच असतात. खोके सुंदर, सोबत चाळीस-पंचेचाळीस टोके, दिवा, पाऊच. आणि ज्याच्यामुळे वस्तू वाचते तो भाग गायब. याला आम्ही उणीव म्हणत नाही, प्राधान्यक्रम चुकलेला म्हणतो.

आणखी एक बारीक गोष्ट, जी पत्रकाच्या तळाशी असते. जोराचे आकडे कधीकधी दोन दिलेले असतात : एक मऊ जोडाचा, एक कडक जोडाचा. लाकडात स्क्रू जातो तेव्हा विरोध हळूहळू वाढतो, तो मऊ जोड. धातूवर धातू एकदम टेकतो, तो कडक जोड. कडक जोडाला फिरत्या भागांचा वेगच शेवटचा धक्का देतो, म्हणून तो आकडा मोठा येतो. खोक्यावर ठळक अक्षरांत छापला जातो तो बहुधा हाच मोठा. लाकूडकाम करणाऱ्याने मऊ जोडाचा आकडा पाहावा. म्हणजे दोन खोक्यांची तुलना करताना एकावर कडकचा आणि दुसऱ्यावर मऊचा आकडा असला, तर ती तुलना नव्हेच.

आता व्होल्ट. ‘‘हा ३.६ व्होल्टचा आहे, हा १२ चा, म्हणून हा चांगला.’’ हे अनुमान टिकत नाही. व्होल्ट बॅटरीचे वर्णन करतात, कामाचे नाही. लिथियम-आयनचा एक घट साधारण ३.६ व्होल्टचा असतो. बारा व्होल्टच्या यंत्रात तसे तीन घट एकामागे एक जोडलेले असतात, वजन किलोच्या आसपास जाते. टोकाशी पीळ किती मिळेल हे मोटार आणि गिअर मिळून ठरवतात. एक घट पुरतो का, तेवढे पाहू. घट दीड अँपिअर-तासाचा धरला तर त्यात ३.६ गुणिले १.५, म्हणजे ५.४ वॅट-तास ऊर्जा. ज्यूलमध्ये सांगायचे तर एकोणीस हजार चारशेच्या वर. तीस मिलिमीटरचा लाकडाचा स्क्रू, पंधरा फेरे, सरासरी एक न्यूटन-मीटरचा विरोध, म्हणजे काम झाले सुमारे ९४ ज्यूल. मोटारीत आणि गिअरमध्ये तेवढीच ऊर्जा वाया गेली असे धरू. तरी एका भरण्यात शंभर स्क्रू बसतात. हौशी माणसाच्या एका रविवारला शंभर स्क्रू पुष्कळ झाले की नाही?

हा एक घटाचा पेचकस नव्या काळात कसा आला, तेही पाहण्यासारखे आहे. बॅटरीचे ड्रिल १९६१ साली ब्लॅक अँड डेकरने आणले होते; पण त्या काळचे निकेल-कॅडमियमचे घट जड, आणि कपाटात ठेवले की आपोआप उतरणारे. क्वचित वापरणाऱ्याच्या हाती ते बरेचदा उतरलेलेच यायचे. लिथियम-आयन घट १९९१ साली सोनीने बाजारात आणला, आणि २००३ साली बॉशने ‘इक्सो’ हा छोटा पेचकस त्या घटावर काढला. महिनोन्‌महिने खणात पडून राहूनही चालणारा पेचकस, हा हौशी माणसासाठी खरा बदल होता. या घटामागच्या संशोधनाला २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले : गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो. तीन मोठ्या माणसांचे आयुष्यभराचे काम आपल्या खणात पडलेले असते. त्याला निदान नीट ठेवले पाहिजे.

नीट ठेवणे म्हणजे काय, हे अकोल्यात वेगळे सांगावे लागते. हा घट साधारणपणे शून्य ते ४५ अंश तापमानात भरावा, असे बहुतेक पत्रकांवर लिहिलेले असते. युरोपातल्या माणसाला त्यातला शून्य लक्षात ठेवावा लागतो, आपल्याला ४५. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणे नवे नाही. पत्र्याच्या खोलीत, गच्चीवरच्या पेटीत तर त्याहून जास्त. म्हणून मेच्या दुपारी चार्जिंगला लावू नये, पहाटे लावावा. स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नये. वापर नसेल तेव्हा अर्धा भरलेला, थंड जागी, माठाच्या खोलीत म्हणा, ठेवावा. आणि विकत घेताना बॅटरीवर, चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणी चिन्ह पाहावे.

आता टोकांकडे या. पन्नास टोकांचा संच पाहून माणूस भुलतो. आमचा अनुभव असा की हौशी कामाची नव्वद टक्के मदार चार-पाच टोकांवर असते. अधिक-चिन्हाचे जे डोके आपण सगळीकडे पाहतो, ते अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सच्या नावाने ओळखले जाते. १९३६ साली कॅडिलॅक गाड्यांच्या कारखान्यात ते वापरात आले आणि मग जगभर गेले. त्याचे फायदे उघड आहेत : टोक आपोआप मधोमध बसते, यंत्राला सोपे जाते. दोषही उघड आहे : जोर वाढला की टोक वर उचलले जाते आणि घसरते, डोके खरवडून निघते. पण गोंधळ पुढेच आहे. अधिक-चिन्हाची सगळी डोकी एक नव्हेत. चार खाचांच्या मधे आणखी चार बारीक रेघा दिसल्या तर ते पोझिड्राइव्ह. सुट्या भागांच्या फर्निचरमध्ये ते वारंवार भेटते. जपानी यंत्रांत, कॅमेऱ्यांत त्यांच्या मानकाचे तिसरेच डोके असते, त्यावर बरेचदा एक छोटा ठिपका असतो. फिलिप्सचे टोक या दोन्हींत ‘बसते’, आणि म्हणूनच घात होतो. पूर्ण न बसणारे टोक माणूस बाजूला ठेवतो. जवळपास बसणारे वापरतो. तर्कशास्त्र शिकवताना आम्ही सांगत असू की उघड खोट्यापेक्षा अर्धसत्य महाग पडते. टोकांच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे.

म्हणून पन्नास सुमार टोकांपेक्षा पाच चांगली घ्या : फिलिप्सचे एक नंबर आणि दोन नंबर, पोझिड्राइव्हचे दोन नंबर, एक चपटे, एक षट्‌कोनी. सहा पाकळ्यांचे टॉर्क्स डोके, जे १९६७ च्या सुमारास आले, ते हल्ली मोबाइलमध्ये, गाड्यांत दिसते. लागेल तेव्हा घ्यावे. आणि पेचकसाचे तोंड पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे षट्‌कोनी असावे. ते माप जगभर चालते, टोके कुठेही मिळतात. फक्त पेनसारख्या बारीक पेचकसाला चार मिलिमीटरची टोके लागतात.

पेनसारखा की पिस्तुलासारखा, हाही वाद आहे. दिसायला सरळ पेचकस देखणा. पण न्यूटनचा तिसरा नियम देखणेपणा पाहत नाही. टोक स्क्रूला जेवढा पीळ देते तेवढाच उलटा पीळ आपल्या हाताला बसतो. चार न्यूटन-मीटरचा सरळ पेचकस, मूठ चार सेंटीमीटर जाडीची. तो हातात फिरू नये म्हणून तळव्याला वीस किलोच्या वजनाएवढा जोर कडेने लावून धरावे लागते. तोच पेचकस पिस्तुलाच्या आकाराचा असेल आणि मूठ अक्षापासून आठ सेंटीमीटर खाली असेल, तर पाच किलोएवढा जोर पुरतो. चौपट फरक. ज्याची मनगटे दुखतात म्हणून हे यंत्र घ्यायचे, त्याने सरळ आकार निवडला तर दुखणे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेले, एवढेच. पेनचा आकार योग्य आहे तो बारीक कामाला, जिथे मोटारीचा जोर मुळातच अर्ध्या न्यूटन-मीटरच्या आत असतो.

इथपर्यंत यंत्रावर टीका झाली. आता उलट बाजूवरही केली पाहिजे, नाही तर समीक्षा एकांगी होईल. काही जुनी मंडळी म्हणतात, हे सगळे कशाला? हाताने करा. नाशिकच्या सातपूरला तपारियाचा कारखाना आहे, तिथला साधा पेचकस घ्या, आयुष्यभर पुरतो. श्रावणात शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराच्या कावडी येतात. गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी भरलेली ती भरणी कुठल्या यंत्राने बांधतात का? दोर आणि माणसाचा हात. मग आपल्यालाच यंत्र कशाला?

यातले अर्धे आम्हांला मान्य आहे. हाताचे ज्ञान जाता कामा नये. पण हाताचे ज्ञान कोणत्या फेऱ्यात असते, हे पाहायला नको का? वीस फेऱ्यांपैकी पहिला फेरा ज्ञानाचा असतो : स्क्रू सरळ धरला आहे का, आटा जुन्या आट्यातच शिरतो आहे का. शेवटचा फेरा ज्ञानाचा असतो : पुरे झाले का. मधले अठरा फेरे निव्वळ कष्ट आहेत. त्यांत शिकण्यासारखे काही नाही, झिजण्यासारखे आहे. ते मोटारीला द्यावेत. पहिला आणि शेवटचा आपल्याकडे ठेवावा. ज्याला मनगट नाही त्यालाही दोन फेरे झेपतात. अशाने काम सुटत नाही, आणि कामातले कसबही सुटत नाही.

हे करता येण्यासाठी यंत्रात एक सोय लागते : मोटार बंद असताना टोक जागेवर पक्के राहिले पाहिजे, म्हणजे तोच पेचकस हाताने पिळता येतो. ही सोय नसेल तर शेवटचा फेरा तुमच्या हातून गेला. आम्ही क्लचच्या खालोखाल हिला महत्त्व देतो.

आणि पहिल्या फेऱ्याची एक रीत. प्लॅस्टिकमध्ये जुना स्क्रू परत बसवताना तो आधी उलटा, डावीकडे, हलक्या हाताने फिरवा. एके ठिकाणी तो ‘टुक’ करून किंचित खाली बसतो. आट्याचे तोंड तिथे आहे. आता उजवीकडे फिरवा. नाही तर स्क्रू नवा आटा कापतो, आणि दोन-तीन वेळा असे झाले की बुडख्यात काही उरत नाही. लाकडात नवा स्क्रू घालायचा असेल तर आधी बारीक भोक पाडा. लाकूड फाटत नाही, आणि पेचकसालाही कमी जोर लागतो.

एक गंभीर आक्षेप मात्र आमच्याकडे उरतो, आणि त्याचे उत्तर यंत्राने दिले पाहिजे. पुष्कळ छोट्या पेचकसांत घट आतच बंद केलेला असतो, बदलता येत नाही. चार-सहा वर्षांनी घट दमतो. मोटार चांगली, गिअर चांगला, क्लच चांगला. सगळे एका घटासाठी टाकायचे. हायडेगर म्हणतो की हातोडी नीट चालते तेव्हा आपल्याला ती दिसतच नाही, मोडली की दिसते. खरे आहे, पण मोडलेल्या हातोडीला नवा दांडा बसवता येत होता. जे साधन दुरुस्तच होऊ शकत नाही, ते साधन आपले होत नाही, आपण त्याचे भाडेकरू असतो. म्हणून घट काढता येणारा पेचकस मिळाला तर तो घ्यावा, दोन-चारशे रुपये जास्त गेले तरी. नाही मिळाला, तर निदान यूएसबी-सीवर भरणारा घ्यावा, म्हणजे खास चार्जर हरवला म्हणून वस्तू मरणार नाही. आणि घट संपल्यावर तो मोर्णेकाठच्या कचऱ्यात जाता कामा नये. २०२२ च्या बॅटरी-कचऱ्याच्या नियमांनी तो परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आपण मागितले तरच ती प्रत्यक्षात येईल.

तर मग घ्यायचे काय? काम पाहून तीन उत्तरे आहेत. चष्मा, घड्याळ, खेळण्यातली रेल्वे, रेडिओ, म्हणजे एम-२ च्या आसपासचे काम : पेनच्या आकाराचा, चार मिलिमीटर टोकांचा. कूलर, मखर, कपाट, स्विचबोर्ड, म्हणजे एम-३ ते एम-५ आणि लाकडाचे मध्यम स्क्रू : ३.६ ते ४ व्होल्ट, पिस्तुलाचा आकार, चार-पाच न्यूटन-मीटर, क्लच, मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे, बटण जसे दाबाल तसा वेग. तिसरे, भिंतीत भोके आणि लांब स्क्रू : त्याला बारा व्होल्टचे ड्रिल लागते; वर्षातून दोनदा लागत असेल तर गल्लीतल्या सुतारभाऊंना बोलवा, त्यांचेही घर चालले पाहिजे.

दुकानात खोके उघडायला लावा. टोक चिमटीत धरून हलवा, डुगडुगत असेल तर ठेवून द्या. बटण हळू दाबा, हळू सुरू होतो का पाहा. क्लच सगळ्यांत खालच्या आकड्यावर ठेवा आणि टोक रुमालात धरून चालवा. दोन बोटांच्या पकडीत तो घसरून कटकट करू लागला तर क्लच उपयोगाचा. मोटार बंद करून हाताने पिळून पाहा. घरी आणल्यावर नेहमी खालच्या आकड्यापासून सुरू करा, टाकाऊ तुकड्यावर पाहा, मग एकेक घर वाढवा.

दोन-तीन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो.

एक ताई विचारतात : ‘‘सर, घरी ड्रिल हाये, त्यानंच स्क्रू कसले तर काय बिघडते?’’ ताई, लाकडात फारसे बिघडत नाही, क्लच खाली ठेवून हळू चालवलं तर. प्लॅस्टिकमध्ये बिघडते. ड्रिलचा वेग मिनिटाला हजाराच्या वर जातो. त्या घर्षणाने प्लॅस्टिक तापते, मऊ होते, आटा वितळतो. शिवाय किलोभर वजन हातात तोलून बारीक काम होत नाही.

दुसरी चिठ्ठी : ‘‘दहा वर्षांच्या नातीला द्यावा का?’’ द्यावा, पण दुसरा म्हणून. मेकॅनोचे पेटंट फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली घेतले, तेव्हापासून मुले हातानेच नट-बोल्ट आवळत शिकली. पहिला संच तिला हाताच्या पेचकसाने पुरा करू द्या. ‘पुरे’ म्हणजे काय ते तिच्या तळव्याला एकदा कळले की मग मोटार द्या, क्लच एकवर ठेवून. केस बांधलेले असावेत, एवढे पाहा.

तिसरी : ‘‘स्क्रूचे डोके खराब झाले आहे, निघत नाही.’’ आधी मोटार बाजूला ठेवा, मोटारीनेच ते खराब झालेले असते. एक नंबर मोठे किंवा नेमक्या जातीचे टोक लावून पाहा. डोक्यावर रुंद रबरबँड ठेवून त्यावरून टोक दाबा. रबर खाचा भरून काढते, पकड येते. खाली दाबण्याचा जोर जास्त, पिळण्याचा कमी आणि सावकाश. लोखंडी जाळीचा स्क्रू गंजला असेल तर थेंबभर तेल सोडून रात्रभर थांबा. कूलरच्या स्क्रूंना हाच उपाय. आणि परत बसवताना त्यांना थोडे ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या मार्चमध्ये ते निघतील.

वेळ झाली. इथे थांबतो आम्ही.